शेवटचा फर्मा

६ जुलै

चि. शेपटीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सध्या नर्सिंग शिकताना वॉर्डात तुझं काम म्हणजे सिस्टरांच्या दोन पावलं मागे चालायचं, सगळं बघायचं आणि कशालाही हात लावायचा नाही, हे वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. चार वर्षांची असताना तू माझ्यामागे नेमकी एवढ्याच अंतरावर असायचीस. वाचनालयात, पोस्टात, न्हाव्याकडेसुद्धा. त्यावरूनच तुझं नाव शेपूट पडलं. तेव्हा तू दिसेल त्याला हात लावायचीस, एवढी प्रगती मात्र झालेली दिसते.

तुझ्या आईचं चार पानी पत्र आलं. त्यातली तीन पानं तुझ्या पांढऱ्या बुटांवर आहेत. बूट चावतात, तरी पोरगी सांगत नाही, असं तिचं म्हणणं. उरलेल्या पानात माझी हजेरी घेतली आहे. ताईला वाटतं मी वेळेवर जेवत नाही, खिडक्या उघडत नाही आणि पुस्तक मुद्दाम अडवून ठेवलं आहे. पहिले दोन आरोप मी नाकारतो.

पुस्तकाचं म्हणशील तर ते आहे तिथंच आहे. तुला ठाऊक आहे, बारा वर्षं मी त्या एकाच पोथीशी झटतोय. कवीचं नाव कुणाला माहीत नाही, आणि माझ्याआधी पोथीचा अभ्यास उंदरांनी केलेला, तोही माझ्यापेक्षा सखोल. छापखान्यातून सोळा-सोळा पानांचा एकेक गठ्ठा तपासायला येतो, त्याला फर्मा म्हणतात. असे अठरा फर्मे तपासून गेले. एकोणिसावा, म्हणजे शेवटचा, दोन वर्षं टेबलावर पेपरवेटखाली पडून आहे. छापखान्याचे मालक आधी फोन करायचे, मग पत्रं पाठवायचे. आता तेही थांबले. पानांना घाई नाही. मलाही नाही.

तू मात्र डोळे उघडे ठेव. कोणत्या वॉर्डात आहेस ते लिहिलं नाहीस. मी विचारलेलंही नाही म्हणा.

लोभ आहे तसाच राहू दे, वाढवायला आता जागा नाही.
तुझा मामा


१३ जुलै

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

बूट चावतात हे खरं आहे. आईला सांगू नकोस.

आमच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टरांना सगळे घड्याळबाई म्हणतात, अर्थात त्यांच्या पाठीमागे. त्यांच्या छातीवर उलटं लटकवलेलं एक घड्याळ असतं. नाडी मोजताना त्या पुरं एक मिनिट त्यात बघतात. बाकीच्या जणी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतात. घड्याळबाई म्हणतात, उरलेल्या पंचेचाळीस सेकंदांत माणूस काय करतो ते तुम्हाला काय माहीत? त्या बोलतात कमी आणि बघतात फार. पहिल्या दिवशी मी एका आजीच्या कपाळाला हात लावला, तर त्यांनी माझा हात धरून आधी गरम पाण्याच्या नळाखाली नेला. आजारी माणसाला गार हात लावायचा नाही. आता मी दिवसभर हात चोळत फिरते. बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी कट शिजतोय.

मी चादरीचे कोपरे दुमडायला शिकले. पाठ पुसताना निम्मं अंग झाकलेलं ठेवायला शिकले. आणि चार्टचा नियम शिकले: जे स्वतः पाहिलं, मोजलं, केलं तेवढंच लिहायचं. राहून गेलं तर रकाना कोरा. मला तुझीच आठवण झाली. पोथी जिथं फाटली तिथं टिंबं द्यायची, मनानं शब्द घालायचे नाहीत, असं तू मला पाटीवर टिंबं काढून दाखवलं होतंस. मी त्या टिंबांची माळ केली होती.

अशा या नियमाच्या बाई एक नियम मात्र सरळ मोडतात. रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकांना त्या स्टाफच्या न्हाणीघराची किल्ली देतात. घरी नका जाऊ, इथंच अंघोळ करा, म्हणतात. वरून दोनदा तंबी आली, तरी किल्ली देतातच. का, ते कुणालाच माहीत नाही.

मामा, आता लिहायचं टाळत होते ते लिहिते. हा तीन नंबरचा वॉर्ड आहे. खिडकीशेजारची अकरा नंबरची खाट अजून तिथंच आहे. मामीची. सध्या तिच्यावर एक शिंपीणबाई आहेत. त्यांनी माझ्या एप्रनची शिवण उलटी करून बघितली आणि मान हलवली. त्यांच्याशी बोलताना मला खिडकीकडे बघवत नाही. इथं कुणाला काही विचारू का? तू नको म्हणालास तर नाही विचारणार.

लोभ आहेच, त्यात थोडा धीरही पाठव.
तुझी शेपूट


१९ जुलै

चि. शेपटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर म्हणून मी प्रथम घड्याळांवर एक विनोदी पान लिहिलं. मग फाडलं. दुसरं नळांवर लिहिलं, तेही फाडलं. टोपली भरली तेव्हा लक्षात आलं, की तू प्रश्न विचारला आहेस आणि तो टाळायचं माझं कसब आता पुरत नाही.

तर ऐक. एकोणीस दिवस मी तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर होतो. विसाव्या दिवशी तिला जरा बरं वाटत होतं. निम्मा कप चहा प्याली आणि माझ्या दाढीची चेष्टा केली. दुपारी दोनच्या सुमारास सिस्टर मला म्हणाल्या, घरी जा, अंघोळ करा, अंग टेका, संध्याकाळी या. तीही म्हणाली, जा, वास येतोय. मी गेलो. परतताना बस फार उशिरा आली. तुझ्या आईनं नंतर बस कंपनीला दोन पानी तक्रार धाडली होती आणि त्यांचं माफीपत्रही आलं होतं, तुला आठवत असेल. मी वॉर्डात शिरलो तेव्हा पाच वीस झाली होती. खाटेवर नवी चादर होती आणि कोपरे अगदी नीट दुमडलेले होते.

ती चार पन्नासला गेली एवढं मला कागदावर मिळालं. बाकी मी काही विचारलं नाही. लोकांनी सांत्वनं केली, मी मान हलवत राहिलो. शेवटी तिच्याजवळ कुणी होतं का? ती मला शोधत होती का? या दोन प्रश्नांना दोन वर्षं झाली. विचारायला जायचं म्हणून तीनदा इस्पितळाच्या फाटकापर्यंत आलो. एकदा तर चौकशीच्या खिडकीत उभा राहून बाईंना किती वाजले ते विचारलं आणि परतलो.

तू विचार. उत्तर मला सोसेल की नाही याची काळजी तू करू नकोस, ते माझं काम. जे कळेल ते लिही.

लोभ असू दे, आणि पायांत जाड मोजे.
तुझा मामा


२७ जुलै

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मी विचारलं. त्या दिवशी वॉर्डात असलेल्या एक सिस्टर भेटल्या. आता त्या दुसरीकडे असतात. त्यांना मामी चांगली आठवते.

त्या म्हणाल्या, दुपारभर मामी शांत होती. उशांना टेकून, चष्मा लावून, पुस्तक वाचत बसली होती. चार वाजता तिनं पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत होती. तुझा विषय निघाला तेव्हा हसून म्हणाली, त्यांना सांगा, घाई करू नका, फार थकलेत. मग तिला झोप लागली. त्या सिस्टर हात हातात घेऊन बसल्या होत्या. तिला काहीच त्रास झाला नाही. झोपेतच गेली.

ती एकटी नव्हती, मामा. तिनं तुला शोधलं नाही, कारण तू येणार हे तिला माहीत होतं. आता तू नीट झोप आणि जेव.

तुझा लोभ मला रोज पुरतो, तो आटू देऊ नकोस.
तुझी शेपूट


२ ऑगस्ट

चि. शेपटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पुष्कळदा वाचलं. सुरेख लिहिलं आहेस, फार सुरेख. एकही शब्द इकडचा तिकडे करावासा वाटला नाही, तेही हा माझा धंदा असताना.

तिच्या चष्म्याची डबी माझ्या टेबलावर असते. तिच्याखाली पत्र ठेवून दिलं आहे. तू माझ्यासाठी एवढं केलंस ते मी विसरणार नाही. इकडे सर्व ठीक. काल रात्री नीट जेवलो, हे तुझ्या आईला अवश्य कळव, म्हणजे तिच्या पुढच्या पत्राचं एक पान वाचेल.

लोभात काही उणं नाही.
तुझा मामा


१० ऑगस्ट

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पाच दिवस झाले. त्यात रागाचा एक शब्द नाही, तरी ते उघडते आणि लगेच मिटून ठेवते.

बुधवारी एक गोष्ट घडली. मला दुपारच्या फेरीत नाड्या मोजून चार्टवर लिहायला सांगितलं होतं. दोन पावलं मागे चालायचे दिवस संपून मिळालेलं हे माझं पहिलं स्वतःचं काम. अकरा नंबरच्या शिंपीणबाई झोपल्या होत्या. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता. हात धरला तर जाग येईल म्हणून मी नाही धरला. सकाळी नाडी शहात्तर होती, काल शहात्तर, परवा अठ्ठ्याहत्तर. मी शहात्तर लिहिलं. मनात वाईट काही नव्हतं मामा, दया होती.

पाच मिनिटांनी घड्याळबाई तिथून गेल्या. थांबल्या, बाईंच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळात बघत राहिल्या. एकशे बावीस. बाई झोपलेल्या नव्हत्या, त्यांची शुद्ध हरपत होती. धावपळ झाली, डॉक्टर आले, त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. त्या वाचल्या. माझ्या शहात्तरामुळे नव्हे, त्याच्यावर मात करून वाचल्या.

घड्याळबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, माझंच मनगट माझ्या हातात दिलं आणि एक मिनिट मोजायला लावलं. मग म्हणाल्या, कोरा रकाना दिसला की मी धावत येते. भरलेला दिसला की पुढे जाते. तू मला पुढे जायला सांगत होतीस.

मी रात्रभर रडले आणि त्यात शिंपीणबाई निम्म्याच होत्या. मामा, मी कुणालाच विचारलं नव्हतं. दुसरीकडे गेलेल्या सिस्टर नाहीत. पुस्तक नाही, झाड नाही, हसणं नाही. मी दोनदा घड्याळबाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि दोनदा चादरींबद्दल काहीतरी विचारून परतले. काय ऐकावं लागेल याची भीती वाटली. तुला कोरा कागद कसा पाठवू, म्हणून मी तो भरला. ज्यानं मला टिंबं शिकवली त्यालाच.

लोभ मागायला तोंड नाही. तूच काय ते ठरव.
शेपूट


१४ ऑगस्ट

चि. शेपटीस,
अनेक आशीर्वाद, आणि आज मुद्दाम जास्तीचे.

रडणं पुरे. पोथ्यांत मागाहून घुसडलेला मजकूर ओळखायची एक सोपी खूण आहे. तो मूळ कवीपेक्षा नेहमी सुबक असतो. खऱ्या माणसाचं मरण इतक्या नीट परिच्छेदांत होत नाही, हे मला पहिल्याच वाचनात जाणवलं. पण ते जाणवायच्याही आधी मी चष्म्यापाशी अडलो होतो.

तिचा चष्मा त्या दिवशी तिच्याजवळ नव्हता, बाळ. माझ्या खिशात होता. काडीचा स्क्रू ढिला झाला होता आणि तिच्या नाकावरून तो सारखा घसरत होता. तिची चेष्टा, माझी चिडचिड, हे एकोणीस दिवस चाललं होतं. म्हणून घरी जाताना मी तो दुरुस्तीला बरोबर नेला. चष्म्याशिवाय तिला दोन हातांपलीकडचं फक्त धूसर दिसायचं. तेव्हा तिनं झाड पाहिलं नसणार. दारात कोण येतं कोण जातं, तेही तिला कळलं नसणार. मी स्वतः गेलो ते गेलो, जाताना तिची नजरही खिशात घालून नेली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून तुझ्या पत्रातला चष्मा मी रोज वाचत होतो. खोटा म्हणून कळत होता, तरी निदान तेवढ्या ओळीपुरता तो तिच्या डोळ्यांवर होता.

तुझ्या दयेवर माझा राग नाही. घड्याळबाईंचं म्हणणं मात्र मनगटावर गोंदवून घे.

आता जा आणि खरंच विचार. नाहीच काही कळलं, तर टिंबं पाठव. ती मला वाचता येतात.

लोभ माझ्या हाती असता तर कमी केला असता. नाही ना.
तुझा मामा


२२ ऑगस्ट

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे सांगते, की या पत्रात मामीबद्दल माझं एकही वाक्य नाही. दोन माणसांनी सांगितलं ते त्याच दिवशी वहीत लिहून घेतलं आणि त्यावरून उतरवते आहे. त्यांना आठवलं नाही तिथं मी काही घातलेलं नाही.

मंगळवारी कपड्यांच्या खोलीत मी आणि घड्याळबाई चादरी मोजत होतो. मी विचारलं. त्या मोजायच्या थांबल्या. उंच, थोडे वाकलेले, काखेत कायम कागद, ते का तुझे मामा, म्हणाल्या. हातातल्या चादरीची पुन्हा घडी केली. मग म्हणाल्या, त्यांना मीच घरी पाठवलं होतं. मी सव्वीस वर्षांत शेकडो लोकांना अंघोळीला घरी पाठवलं, त्यांच्यानंतर एकालाही नाही. न्हाणीघराची किल्ली मला तेव्हा समजली, मामा.

त्यांनी सांगितलं ते असं. चारच्या सुमाराला मामीचा श्वास एकदम बिघडला. डॉक्टर आले, करायचं ते केलं, आणि फारसं काही हातात नाही म्हणून बाजूला झाले. मामी शुद्धीवर होती. दाराकडे बघत होती आणि तू आलास का, असं विचारत होती. तीन-चारदा तरी विचारलं. सिस्टर म्हणत होत्या, येतीलच. त्यांना खोटं बोलता येत नाही, तेवढंच त्या म्हणू शकल्या. जे कळेल ते लिही, असं तू म्हणाला होतास म्हणून हे लिहिलं.

तेवढ्यात आमचे स्ट्रेचरकाका काहीतरी निरोप द्यायला दारात आले. रुग्णांना इकडून तिकडे ढकलत नेण्यात त्यांचं आयुष्य गेलं. तेही उंच आहेत आणि पाठीत वाकलेले. चारला त्यांची पाळी संपते, त्यामुळे गणवेश उतरवून घरचा पांढरा शर्ट घातला होता. मामीनं हात उचलला आणि म्हणाली, आलास? काकांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर घड्याळाकडे बघू लागल्या. काका येऊन स्टुलावर बसले.

पुढचं मला काकांनी सांगितलं. ते लिफ्टजवळ स्ट्रेचरच्या चाकाला तेल घालत होते. म्हणाले, बाईंनी माझं बोट धरलं आणि विचारलं, शेवटचा फर्मा झाला का? फर्मा म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, आजही नाही. एखादी तपासणी असेल वाटलं. मी म्हटलं, हो, झाला. तर बाईंचा चेहरा एकदम सुटला. म्हणाल्या, मग आता बस जरा निवांत. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या बोटावर अंगठा घासत होत्या, शाईचा डाग पुसावा तसा. पंधरा मिनिटं. मग अंगठा थांबला.

काका त्यानंतर तुझी वाट बघत होते. तू हातात चष्म्याची डबी घेऊन धावत आलास, तेव्हा ते जिन्यात उभे होते. पुढे व्हायचं त्यांच्या मनात होतं, पाय उचलला नाही. त्यांनी मला विचारलं, दुसऱ्याच्या वाटणीचे शब्द मी घेतले, परत करायला हवे होते, मी चुकलो का?  याचं उत्तर तू दे.

चार्टमध्ये त्या वेळेसमोर, रुग्णाजवळ कोण होतं, हा रकाना सिस्टरांनी कोरा ठेवला. त्या म्हणाल्या, त्यांच्या नोकरीतला तेवढा एकच.

शिंपीणबाई परवा वॉर्डात परत आल्या. माझा एप्रन मागून घेतला आणि उसवून पुन्हा शिवायला घेतला.

आता मीही त्या खिडकीकडे बघते. बाहेर झाड नाहीच, मामा. पाण्याची टाकी आहे.

लोभ असू दे.
तुझी शेपूट


३० ऑगस्ट

चि. शेपटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र अस्सल आहे. ते मला कसं कळलं, हे सांगितल्याशिवाय सुटका नाही, आणि सांगताना माझी लाज निघणार आहे. निघू दे.

त्या दिवशी बस वेळेवर होती.

मी घरी आलो, पंधरा मिनिटांत अंघोळ उरकली. चष्मा तीनलाच दुरुस्त होऊन मिळाला होता. मी सव्वातीनला बूट घालून दारात उभा होतो. साडेतीनच्या बसनं चार दहापर्यंत वॉर्डात पोचलो असतो. टेबलावर शेवटचा फर्मा पडलेला दिसला. त्यात एका ओळीत चार अक्षरं उंदरांनी खाल्ली आहेत. तिथं काय असावं यावर मी तेव्हा दहा वर्षं विचार करत होतो, आणि दारात उभ्या उभ्या मला एकदम वाटलं, की सुचलं. बूट न काढता बसलो. मान वर केली तेव्हा साडेचार वाजायला आले होते. सुचलेलं चुकीचं होतं.

लोकांना मी बसचं सांगितलं. ताईनं बिचारीनं तक्रार केली, आणि त्या निरपराध कंपनीनं माझी माफी मागितली. ते माफीपत्र खणात आहे. दोन वर्षं मी तो खण उघडलेला नाही, आणि तो फर्माही.

हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. कुणी सांगितलं नाही, दिसत तर नव्हतंच, तरी अकरा नंबरच्या खाटेवरून तिला मी त्या टेबलाशी बसलेला दिसत होतो. पंचवीस वर्षं, पुस्तक कोणतंही असो, रोज संध्याकाळी ती दारात येऊन हाच प्रश्न विचारायची, अमका फर्मा झाला का? मी मान वर न करता नाही म्हणायचो. हो म्हणालो की ती खुर्ची ओढायची आणि म्हणायची, मग आता बस. हे काकांना रचता येणार नाही, तुलाही नाही.

तिनं ते रागानं विचारलं, थकून विचारलं की नेहमीसारखं? तीन-चारदा दाराकडे बघताना तिला काय वाटलं? तिथं मी टिंबं दिली आहेत आणि ती तशीच राहतील. मी तिथं नव्हतो एवढं मात्र स्वच्छ छापलेलं आहे, त्यात पाठभेद नाही. ती गेली ती मी शेजारी बसलोय असं समजून, आणि तसं तिला समजता आलं ते केवळ चष्मा माझ्या खिशात होता म्हणून. याचं काय करायचं ते मला कळत नाही. दिवसातून दहादा डबी उघडतो आणि मिटतो.

काकांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, तुम्ही चुकला नाहीत. मी जिथं असायला हवं होतं तिथं तुम्ही बसलात. शब्द परत करायचे होते ते आता पोचले. फक्त तुम्ही एक गोष्ट तिला खोटी सांगितलीत, आणि त्या खोट्याचा बोजा तुमच्यावर नको. म्हणून पेपरवेट उचलला. पाच दिवस लागले. त्या चार अक्षरांच्या जागी चार टिंबं दिली, आणि काल सकाळी गठ्ठा छापखान्यात स्वतः नेऊन दिला. मालकांनी चहा पाजला, कारण विचारलं नाही. तेव्हा काकांना सांग, की शेवटचा फर्मा झाला. दोन वर्षं उशिरा का होईना, ते म्हणाले होते ते आता खरं आहे.

घड्याळबाईंना म्हणावं, किल्ली देत राहा.

छापखान्यातून मी काल बसनं परतलो. बस वेळेवर होती. संध्याकाळी टेबल पुसलं, आणि दारात कुणी येत नाही हे पक्कं माहीत असूनही मान वर करून हो म्हटलं. मग तिची खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी ओढली.

लोभ तुझ्याकडे ठेव, सांभाळून ठेव. मला आता दुसरं काम नाही. ती म्हणाली होती, तसा बसतो जरा.

तुझा मामा